आमची वाटचाल: चालू रॅकमध्ये कार्ड बसवणारा स्विच

आमची सुरुवात दुरुस्तीपासून झाली. टेलिकॉमच्या ४८ व्होल्टच्या रॅकमधली कार्डं (सर्किट बोर्ड) यायची आणि कित्येकांच्या कनेक्टरच्या पिना काळवंडलेल्या असायच्या. कारण उघड होतं. रॅक चालू असताना कार्ड आत सरकवलं की त्यावरचे रिकामे कपॅसिटर क्षणभर शॉर्टसारखेच वागतात. ठिणगी उडते, पुरवठ्याचं व्होल्टेज कोसळतं आणि शेजारची निर्दोष कार्डं रीसेट होतात. पिना बदलत राहण्यापेक्षा हा झटकाच थोपवू, असं ठरलं.

आधी एनटीसी थर्मिस्टर, म्हणजे तापले की रोध कमी होणारे रोधक, लावले. स्वस्त, सोपे. पण कार्ड काढून लगेच परत लावलं तर थर्मिस्टर अजून तापलेलाच असतो. रोध कमी, म्हणजे अडवणूक नाहीच. आणि देखभालीचा माणूस नेमकं तेच करतो! मग मॉसफेटकडे, म्हणजे स्विचसारख्या ट्रान्झिस्टरकडे वळलो: त्याच्या गेटचं (नियंत्रणाच्या पिनेचं) व्होल्टेज सावकाश चढवायचं, म्हणजे कपॅसिटर बेताने भरतात.

ग्राहक पहिल्यांदा मॉसफेटचा पूर्ण चालू असतानाचा रोध विचारतात, "किती मिलिओमचा?" आम्ही उलट कपॅसिटरची क्षमता विचारतो, "कार्डावर किती मायक्रोफॅरड?" १००० मायक्रोफॅरड ४८ व्होल्टपर्यंत भरताना सुमारे १.१५ ज्यूल उष्णता मॉसफेटमध्ये जिरते, मग हळू भरा की झटपट. फरक पडतो तो वॅटमध्ये. एकसारख्या प्रवाहाने १० मिलिसेकंदांत भरायचं तर ४.८ अँपिअर लागतात आणि पहिल्या क्षणी मॉसफेटवर २३० वॅट येतात. १०० मिलिसेकंद घेतले तर २३. तेवढा वेळ कार्डावरचं बाकीचं सर्किट मात्र बंद ठेवावं लागतं.

कमी रोधाचे नवे ट्रेंच (चिपमध्ये खोल खाचेत गेट असलेले) मॉसफेट पूर्ण चालू असताना उत्तम, पण अर्धवट चालू अवस्थेत बरेचसे नाजूक. चिपचा एखादा कोपरा तापला की तिथला थ्रेशोल्ड (चालू व्हायला गेटला लागणारं व्होल्टेज) उतरतो, प्रवाह तिकडेच ओढला जातो आणि तो कोपरा आणखी तापतो. दोन समांतर जोडूनही भागत नाही. भरतानाचा बहुतेक भार एकावरच पडू शकतो. म्हणून डेटाशीटच्या पहिल्या पानावरच्या रोधाच्या ठळक आकड्यापेक्षा आम्ही आतला सेफ ऑपरेटिंग एरियाचा आलेख (किती व्होल्टेज आणि प्रवाह किती वेळ सोसेल ते दाखवणारा) आधी बघतो, आणि कधी मुद्दाम जास्त रोधाचा, जुन्या धाटणीचा मॉसफेट निवडतो. खरेदी विभागाला हे पटवणं डिझाइनपेक्षा अवघड! कपॅसिटरचा आकडा न देणाऱ्याची ऑर्डर आम्ही घेत नाही.

सध्या बॅटरी पॅकसाठीच्या स्विचवर काम चालू आहे. तिथे एक मॉसफेट पुरत नाही, कारण बंद असतानाही त्याच्या बॉडी डायोडमधून (रचनेतच असलेल्या, एकाच दिशेने प्रवाह सोडणाऱ्या वाटेतून) उलटा प्रवाह जातो. त्यामुळे दोन मॉसफेट पाठीला पाठ लावून जोडतो.