निडा आणि तिची बहीण निडर

सांगलीच्या माणसाला परगावची नदी जरा जपूनच दाखवावी. आई पहिल्यांदा फ्रँकफर्टला आली तेव्हा मी मोठ्या उत्साहाने तिला घरामागच्या निडा नदीवर घेऊन गेलो. पुलावर उभं राहून तिने आधी इकडे वाकून बघितलं, मग तिकडे, आणि म्हणाली, "अरे, हा तर कॅनॉलच की! नदी कुठाय?"

मला जरा लागलं, पण तिचं चुकलं नव्हतं. आमच्या प्राउनहाइम भागात निडा पट्टीने आखल्यासारखी जाते. दोन्ही काठ सारखे, मधे संथ, हिरवट पाणी, त्यात बदकं. उगमापासून संगमापर्यंत सगळी मिळून सुमारे ९० किलोमीटरची नदी. सरासरी पाणी सेकंदाला दहा-पंधरा घनमीटर. सांगलीच्या भाषेत सांगायचं तर साडेतीनशे ते पाचशे क्युसेक. कोयनेचं पायथा विद्युतगृह नुसतं एक युनिट चालवतं तेव्हा १०५० क्युसेक सोडतं, आणि त्या बातमीकडे सांगलीत कुणी ढुंकूनही बघत नाही.

पण निडाशी माझं जमलं ते दगडामुळे. ती उगम पावते फोगेल्सबर्गवर, सातशे मीटरच्या वर, आणि फोगेल्सबर्ग म्हणजे दीड-पावणेदोन कोटी वर्षांपूर्वीचा विझलेला ज्वालामुखी. तिथल्या गावांमधल्या जुन्या भिंती बघितल्या आणि मी जागीच थांबलो. काळा पाषाण! आपलाच. म्हणजे आपला सहा कोटींहून जास्त वर्षांचा, यांचा अगदी कालचा, पण हात लावला की तोच थंड, खरखरीत काळेपणा. घाटावरच्या पायऱ्यांवर वाढलेल्या माणसाला परदेशात आणखी काय लागतं?

त्याच डोंगरातून दुसरी नदी निघते, तिचं नाव निडर. खरंच. जर्मन कानाला त्यात काही वाटत नाही, मला मात्र दर वेळी हसू येतं. निडा आणि निडर बाड फिल्बेल गावाशी एकमेकींना भेटतात आणि पुढे धाकटीचं नाव सुटतं. त्याआधी निडाला वेटर नावाची नदी मिळालेली असते, आणि जर्मनमध्ये 'वेटर' म्हणजे हवामान. तेव्हा "वेटरला पूर आलाय" हे वाक्य इथे अगदी सरळ अर्थानेही म्हणता येतं. आणखी एक गंमत: जर्मनमध्ये निडा स्त्रीलिंगी, पण ती ज्याला जाऊन मिळते तो माइन आणि माइन ज्याला मिळतो तो ऱ्हाइन, दोघेही पुल्लिंगी. आपल्याकडे ब्रह्मपुत्र, शोण असे मोजकेच नद, बाकी सगळ्या नद्या. इथे नदांची कमी नाही.

या नदीकाठी रोमन लोक राहून गेले. त्यांच्या गावाचं नाव निडा, नदीवरूनच घेतलेलं. ते आज हेडर्नहाइम या उपनगराच्या पोटात गाडलेलं आहे. तिथल्या एका कबरीत चांदीचा इवलासा गुंडाळलेला पत्रा मिळाला. तो न उलगडता यंत्राने वाचला, तर आत ख्रिस्ती मजकूर, तिसऱ्या शतकातला. २०२४च्या डिसेंबरात ही बातमी जाहीर झाली तेव्हा आमच्या बेकरीतसुद्धा त्याची चर्चा होती. माझं लक्ष मात्र दुसरीकडे गेलं. रोमनांनी गाव वसवलं ते नदीला लागून नव्हे, वरच्या उताराच्या टेकाडावर. पुढे १९२७-२८ मध्ये एर्न्स्ट माय या वास्तुरचनाकाराने तिथेच रोमरश्टाट ही कामगार-मध्यमवर्गीयांची वसाहत बांधली, तीही वरच. खाली किल्ल्याच्या बुरुजांसारखी भिंत घातली, आणि भिंतीखालच्या सखल जमिनीत घरं नाहीत, बागा. भाजीचे वाफे, सफरचंदाची झाडं, एकेक लाकडी खोपी. अठराशे वर्षांच्या अंतराने दोघांनाही तेच सुचलं.

गंमत अशी की त्याच १९२०च्या दशकात शहराने नदीला सरळ करायला घेतलं. निडा दरवर्षी पात्राबाहेर पडायची, कुरणं आणि वस्त्या भिजवायची. त्यावर त्या काळच्या इंजिनिअरांचा उपाय एकच: वळणं छाटा, पात्र खोल करा, पाणी लवकर पुढे काढून द्या. छाटलेली वळणं आजही कोयत्याच्या आकाराच्या तळ्यांसारखी बाजूला पडून आहेत. त्यांत कमळवेली आहेत, बगळे आहेत, गळ टाकून बसलेले म्हातारे आहेत. पण सरळ केलेली नदी धावत सुटते, उन्हाळ्यात पात्र कोरडं पडायला येतं, आणि मग तिला अडवायला बंधारे घालावे लागतात. फ्रँकफर्टच्या हद्दीत असे सहा बंधारे झाले. आधी पळ म्हणायचं, मग थांब म्हणायचं. बंधाऱ्यामुळे माशांची वाट बंद झाली. 'नाझं' नावाचा एक मासा आहे इकडे. नाझं म्हणजे नाक. अंडी घालायला तो नाक वर करून प्रवाहाविरुद्ध निघतो. त्याचं नाक जाऊन काँक्रीटवर आपटू लागलं.

शिवाय पाणी लवकर पुढे काढून द्यायचं म्हणजे कुणाच्या दारात? खालच्या गावाच्या. हे आम्हा कृष्णाकाठच्या लोकांना कुणी समजावून सांगायला नको.

म्हणून आता उलटा कारभार सुरू आहे. माणसाने सरळ केलेली नदी माणूसच पैसे खर्चून वाकडी करतोय. काठाचे दगड काढले, मुद्दाम झाडाचे ओंडके आडवे टाकले, छाटलेली वळणं पुन्हा जोडायला घेतली. संगमाजवळ ह्योक्स्टला बंधाऱ्याच्या जागी दगडांचा उतार केला. तिथून पाणी खळखळत उतरतं आणि मासे वर चढतात. यात माशांची दया आहेच, पण निव्वळ दया नाही. वाकडी नदी हळू जाते, पूर आला की शेजारच्या कुरणात पसरते, तिथे थोडी बसते, आणि खालच्या गावाला पाणी एकदम न जाता हप्त्याहप्त्याने जातं. वर शॉटनला १९७०च्या सुमारास बांधलेलं धरणही मुळात याच कामासाठी. उन्हाळ्यात लोक तिथे पोहतात, शिडाची होडी चालवतात, आणि त्याचं पोट पुरासाठी राखलेलं असतं.

मला या सगळ्यात सर्वांत आवडते ती जागा बोनामेसची. नदीला लागूनच अमेरिकन सैन्याच्या हेलिकॉप्टरांचा तळ होता. १९९२ला ते गेले. धावपट्टीचं काँक्रीट उचलून नेण्यापेक्षा बराचसा भाग तिथेच फोडून टाकला, कुठे मोठे तुकडे, कुठे बारीक, आणि पुढे काही करायचं नाही असं ठरवलं. हे शेवटचं फार अवघड, विशेषतः जर्मन माणसाला. आता फटींतून बर्च आणि विलो उगवलेत, खड्ड्यांत पाणी साचतं, वसंतात बेडूक असे ओरडतात की फोनवरचं ऐकू येत नाही. उरलेल्या धावपट्टीवर पोरं स्केटिंग करतात, कंट्रोल टॉवरखाली कॅफे आहे. जवळच्या पुलावर एका विचित्र प्राण्याचा पुतळा बसलाय. थोडा डुक्कर, थोडा पाणपालीसारखा, थोडा साळुंकीसारखा. शहराभोवतीच्या हरित पट्ट्याचं हे दैवत एका कवीच्या डोक्यातून निघालं. आईने त्याला मनोभावे नमस्कार केला. मी काही बोललो नाही.

आता एवढीशी नदी करून करून काय करणार, असं कुणाला वाटेल. मलाही वाटायचं. २०२१च्या जानेवारीअखेर फोगेल्सबर्गवर बर्फ वितळत असतानाच पाऊस झाला आणि ब्यूडिंगन गावात, निडरला मिळणाऱ्या एका ओढ्याने, मध्ययुगीन पेठेत पाणी घातलं. त्या ओढ्यावर पूर अडवणारा बांध आहे, पण तो ड्यूडेल्सहाइमला, म्हणजे ब्यूडिंगनच्या खाली. खालच्यांचं रक्षण झालं, वरचे भिजले. आणि त्याच वर्षी १४ जुलैच्या रात्री आइफेलच्या डोंगरातल्या आर नदीने जे केलं ते इथे अजून कुणी सहज बोलत नाही. आरची लांबी निडापेक्षा थोडी कमीच. अरुंद दरी, दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मळे, आणि एका रात्रीत १३०हून जास्त माणसं गेली. १८०४ आणि १९१० साली तिथे असेच पूर येऊन गेले होते. त्यानंतर बसमध्ये शेजारी बसलेल्या बाई मला म्हणाल्या होत्या, "छोटी नदी असं काही नसतं हो." मी मान हलवली. आईला मात्र हे सांगितलं नाही, ती रात्रभर जागली असती.

इथे नकाशावर शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची हद्द आखलेली असते आणि तिच्या आत नवं घर बांधायला सहसा मिळत नाही. आपल्याकडेही लाल रेषा त्याच शंभर वर्षांची, निळी पंचवीस वर्षांची. रेषा दोन्हीकडे आहेत. सांगलीत मात्र रेषेपेक्षा माणसांचा विश्वास आयर्विन पुलावरच्या फुटांवर. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९ला पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं तेव्हा आमच्या घरात तीन दिवस कुणी तारीख बोलत नव्हतं, नुसते फूट बोलत होते. निडाची पातळी सेंटिमीटरमध्ये मोजतात आणि ती नेटवर सतत दिसते. तिलाही इशाऱ्याच्या तीन पायऱ्या आहेत. मला झोपण्याआधी ती बघायची सवय लागलीय. बायको म्हणते, लोक शेअर बाजार बघतात.

संगमावर मी अधूनमधून सायकलने जातो. त्या टोकाला वोर्थश्पिट्झं म्हणतात. सांगलीजवळ हरिपूरच्या संगमावर आहे तसं देऊळ नाही, बाकडी आहेत आणि समोर ह्योक्स्टची जुनी पेठ. माइनला मोठं पाणी आलं की निडाचं पाणी पुढे सरकेना होतं, मागे मागे चढत येतं. याला सांगलीत फूग म्हणतात. अलमट्टी धरणामुळे हा शब्द आता शाळकरी पोरांनाही येतो.

गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी काठचा रस्ता पाण्याखाली गेला. आडवी फळी लावून वाट बंद केली होती. खालच्या बागांमध्ये एक आजोबा गुडघाभर रबरी बूट घालून शांतपणे कुंड्या उचलत होते. त्यांच्या वाफ्यात लाल टोप्यांची चिनीमातीची बुटकी माणसं ओळीने उभी होती, इथल्या बागांत असतात तशी. तेवढ्यात आईचा फोन.

"पाणी कुठवर आलंय रे?"

सांगलीत याचं उत्तर सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, मारुती चौक असं द्यायचं असतं. मी म्हटलं, "बागेतल्या बुटक्यांच्या गुडघ्यापर्यंत."

ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "आधी त्यांना माळ्यावर टाक म्हणावं त्या बाबाला. रात्रीत चढतं पाणी."