माळ्यावरचा गुंड

रविवार, रात्री साडेदहा

आज माळ्यावरचा गुंड, म्हणजे पाणी भरायचं मोठं भांडं, घासला. चिंचेचा कोळ, जाडं मीठ आणि नारळाची किशी. तिसऱ्यांदा घासल्यावर काळपट हिरवा थर निघाला आणि काठाखाली ठिपक्याठिपक्यांची अक्षरं दिसू लागली. आधी नुसतं 'सौ.', मग पार पलीकडे साल, १९६४. मधलं नाव झिजलंय. डोळ्यांना दिसत नाही, बोट फिरवलं की लागतं. आईंना हाक मारली. त्यांनी चष्माही लावला नाही. "माझ्या सासूचा आहे तो. विहिरीवरून दोन भरून आणायच्या, एक डोक्यावर, एक कमरेवर." दुसरा कुठे गेला ते मी विचारलं. मोडीत घालून स्टीलचे डबे घेतले, म्हणाल्या, आणि गप्प बसल्या.

स्वयंपाकघर जुन्या वळणाचं करायचं हे दिवाळीपासून मनात आहे. पाच हजारांच्या वर जायचं नाही, हेही तेव्हाच ठरलं. सुरुवात मात्र चुकली. एका दुकानातून 'अँटिक' म्हणून सहा खुंट्या आणल्या, साडेआठशे रुपयांच्या. पंधरा दिवसांत ओल्या फडक्याने पुसतापुसता पितळी रंग निघून आला, खाली लोखंड. फार लागलं मनाला. तेव्हापासून पर्समध्ये लोहचुंबक असतं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, त्याला चुंबक धरत नाही. धरलं, की वस्तू परत ठेवायची.

इथे नागपुरात इतवारीच्या बाजारात एका भांडेवाल्याकडे मोडीला आलेली भांडी कोपऱ्यात रचलेली असतात, वजनावर देतो. तिथून एक गंज (पातेलं), एक झारा आणि कडीचा डबा मिळाला. तिन्ही मिळून अठराशे. भंडारा इथून साठेक किलोमीटर, पितळेसाठी नाव असलेलं गाव. यातलं काही तिकडेच घडलं असेल असं मला उगाच वाटत राहतं.

गंजात वरण करायचं तर आतून कल्हई, म्हणजे कथलाचा थर, हवीच, नाहीतर आंबट घातलं की कळकतं. कल्हईवाला शोधायला आठ दिवस गेले. शेवटी आला, अंगणात खड्डा करून कोळसे पेटवले, भाता लावला. भांडं तापलं की नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठतो आणि नाकात झोंबतो. मग कथलाची कांडी टेकवायची. कथील २३२ अंशांवरच वितळतं, त्यामुळे तेवढा विस्तव पुरतो. कापसाच्या बोळ्याने त्याने एकच फेरा मारला आणि तळ चांदीसारखा लखलखला. मग भांडं पाण्यात, चर्रर्र. आई खुर्ची ओढून शेवटपर्यंत बसून होत्या.

भिंतीला चुना दिला, किंचित नीळ घालून. आधीचा रंग खरवडण्यात दोन रविवार गेले, कारण ऑइलपेंटवर चुना टिकत नाही. पहिल्या दिवशी भिंत मळकट दिसली, मी घाबरले. वाळत गेली तसतशी उजळली. ओटा काळ्या कडप्प्याचा आहे. तो काढून ग्रॅनाइट बसवायचं म्हणून तीन वर्षं पैसे बाजूला टाकत होते. आता त्याला खोबरेल तेलाचा हात दिला, आणि पितळ त्यावर असं उठून दिसतं की ग्रॅनाइटचा विषय मी मनातून काढून टाकला. पाहुण्यांपुढे या ओट्याची लाज वाटायची, त्याचं आज वाईट वाटलं.

हिशेब: चार हजार दोनशे सत्तर, खुंट्या धरून.

चिनी मातीच्या तीन बरण्याही माळ्यावर सापडल्या. फळीवर ओळीने मांडल्या होत्या, पण आईंनी त्यांतली मोठी उतरवून उन्हात ठेवायला लावली. कैऱ्या येताहेत, लोणच्याला लागेल. फळीवर आता तिच्या जागी गोल डाग दिसतोय, चुन्याचा हात तिथे नीट लागला नव्हता. उद्या सकाळी लावते.