सारियाहून सान्तियागोला चालत: आधी नमस्कार, मग प्रश्न

स्पेनमधल्या 'कामिनो दे सान्तियागो' या पायी यात्रेतलं सारिया ते सान्तियागो हे साधारण ११५ किलोमीटर अंतर आई आणि मी सहा दिवसांत चाललो. बूट, सॅक, मुक्काम यांवर पुष्कळांनी लिहिलंय. मी बोलण्यावर लिहिते, कारण वाट त्यानेच सोपी झाली.

सारियात पोहोचलो त्या संध्याकाळी औषधाच्या दुकानात शिरून मी थेट फोडांवरची पट्टी मागितली. दुकानातल्या बाईंनी हातातलं काम बाजूला ठेवलं, "बुएनास तार्देस" (शुभ दुपार) म्हटलं आणि थांबल्या. मीही तेच म्हटल्यावर पट्टी मिळाली, शिवाय ती कशी लावायची तेही त्यांनी करून दाखवलं. स्पेनमध्ये दुकानात, लिफ्टमध्ये, दवाखान्यात शिरताना आत जे कोणी असतील त्यांना आधी अभिवादन करायचं. नुसतं "ओला", म्हणजे साधा नमस्कार, तेवढंही पुरतं. स्पेलिंगमध्ये एच असला तरी उच्चार आपल्या ओल्या-सुक्यातल्या 'ओला'सारखाच.

वेळेचं गणित मात्र वेगळं. पोर्तोमारीनच्या पुढे दुपारी एक वाजता बांधावरच्या एका आजोबांना मी "बुएनास तार्देस" म्हटलं. ते हसून पोटावर हात ठेवत म्हणाले, "बुएनोस दीआस!" म्हणजे शुभ सकाळ. त्यांचं जेवण व्हायचं होतं. तिथे सकाळ जेवणापर्यंत चालते आणि जेवण दोनच्या पुढे. अंधार पडला की "बुएनास नोचेस" (शुभ रात्री), तेही भेटताना आणि निरोप घेताना, दोन्ही वेळा. गोंधळ झालाच तर फक्त "बुएनास" म्हणा, कुठल्याही वेळी चालतं.

हा सगळा भाग गालिसिया या प्रांताचा, त्यांची भाषा निराळी. म्हाताऱ्या माणसांना त्या भाषेत "बोस दीआस" (शुभ सकाळ) आणि आभाराला "ग्राथास" म्हटलं की चेहरा खुलतो. गोव्यात घरी पोर्तुगीज ऐकलेल्यांना त्यांचं दुपारचं "बोआस तार्देस" ओळखीचं वाटेल.

वाटेवर सगळे एकमेकांना "बुएन कामिनो", म्हणजे वाट सुखाची होवो, असं म्हणतात, मागून येणारे सायकलवालेसुद्धा. खानावळीत जेवणाऱ्यांजवळून जाताना "के आप्रोबेचे" म्हणावं, म्हणजे जेवण अंगी लागो. निघताना "आस्ता लुएगो", पुन्हा भेटेपर्यंत. पुन्हा कधीच दिसणार नाही अशा दुकानदारालाही हेच म्हणतात. आई म्हणाली, "अगं, हे तर आपलं 'येते'!" त्यानंतर तिने एकदाही ते चुकवलं नाही. अर्सुआच्या मुक्कामातून निघताना तर दारात उभ्या मालकीणबाईंना तिने सरळ "येते हं" म्हटलं, आणि त्यांनी "आस्ता लुएगो" म्हणत तिचे हात हातात घेतले.

कोम्पोस्तेला, म्हणजे यात्रेचं प्रमाणपत्र, हवं असेल तर शेवटच्या १०० किलोमीटरांत यात्रेच्या वहीवर रोज किमान दोन शिक्के घ्यावे लागतात. चर्चमध्ये, कॉफीच्या दुकानात, सगळीकडे मिळतात. आत शिरा, "बुएनास" म्हणा, मग "मे पोने उन सेयो, पोर फाबोर?", म्हणजे एक शिक्का मारता का, प्लीज? दोन ते पाच बरीच दुकानं बंद असतात, म्हणून फळं-पाणी त्याआधी घ्या. ही वाक्यं मी ठळक देवनागरीत लिहून आईच्या खिशात ठेवली होती. तिसऱ्या दिवसापासून तो कागद बाहेर निघाला नाही.