चवथीपूर्वी (गणेश चतुर्थीपूर्वी) कॅशे क्लस्टरची आवृत्ती बदलताना

गोव्यात पर्वरीच्या एका छोट्या कंपनीत हॉटेले आणि होमस्टे यांच्या आरक्षण प्रणालीचे सर्व्हर मी सांभाळतो. चवथीला आमचे अर्धे कार्यालय गावी जाते आणि त्यानंतर लगेच पर्यटन हंगामाची आरक्षणे वाढू लागतात, म्हणून कॅशेच्या, म्हणजे वारंवार लागणारी माहिती झटपट मिळावी म्हणून मेमरीत ठेवणाऱ्या साठ्याच्या, सॉफ्टवेअर आवृत्त्या बदलण्याचे काम ऑगस्टमध्येच, भर पावसात, उरकायचे ठरले.

आमच्याकडे दोन कॅशे होते. पहिला रेडिस या सॉफ्टवेअरचा, तीन मास्टर (मूळ नोंदी ठेवणारे) आणि तीन रेप्लिका (त्यांच्या प्रती ठेवणाऱ्या) असा सहा नोडचा क्लस्टर, म्हणजे एकत्र काम करणारा सर्व्हरचा गट, ज्यात डेटाचे 16,384 स्लॉट (कप्पे) तीन मास्टरमध्ये वाटलेले असतात, तो 6.2 वरून 7.2 वर न्यायचा होता. दुसरा हेझलकास्ट या सॉफ्टवेअरचा, जावा ॲप्लिकेशनच्या आतच चालणारा, 3.12 वरून 5 वर न्यायचा. सेवा बंद न ठेवता दोन्ही बदलावेत, अशी वरिष्ठांची इच्छा होती आणि सुरुवातीला माझीही होती.

पहिला आठवडा मी एकाच प्रश्नावर घालवला: कॅशेमधील कोणती माहिती नष्ट झाली तर पुन्हा मिळणार नाही? खोल्यांचे दर डेटाबेसमधून पुन्हा भरता येतात. परंतु ग्राहक पैसे भरत असताना त्याच्यासाठी खोली पंधरा मिनिटे राखून ठेवल्याची नोंद फक्त रेडिसमध्येच होती, इतरत्र कोठेही नव्हती. ज्याला आम्ही इतकी वर्षे कॅशे म्हणत होतो, तो त्या नोंदींपुरता मूळ दस्तऐवजच होता. हे आधी लक्षात आले नसते, तर एकच खोली दोन कुटुंबांना दिली गेली असती, आणि रात्री सामानासह दारात उभ्या असलेल्या माणसांना त्याचे उत्तर हॉटेलच्या स्वागतकक्षातील मुलीला द्यावे लागले असते.

चाचणीच्या क्लस्टरवर अशा नोंदी खरोखरच हरवल्या. मी एका मास्टरची प्रक्रिया सरळ बंद केली. नोड बंद पडला आहे हे ठरवण्याची मुदत मूळ मांडणीत 15 सेकंद असते. ती संपून रेप्लिकाने जागा घेईपर्यंत काही स्लॉटना वाली नव्हता आणि सर्व स्लॉट उपलब्ध असण्याची अट चालू असल्याने उरलेले दोन मास्टरही विनंत्या नाकारू लागले. शिवाय राखीव खोल्यांच्या तीन नोंदी नव्या मास्टरवर सापडल्याच नाहीत. मास्टर ॲप्लिकेशनला आधी होकार देतो आणि रेप्लिकाकडे नोंद मागाहून पोहोचते, त्या मधल्या क्षणी त्या गेल्या होत्या.

यानंतरचा क्रम आम्ही कागदावर लिहून काढला. आधी तिन्ही रेप्लिका एकेक करून नव्या आवृत्तीवर न्यायच्या आणि प्रत्येक वेळी मास्टरशी जोडणी पूर्ववत होऊन दोघांचे ऑफसेट (नोंदी कोठवर पोहोचल्या ते दाखवणारे आकडे) जुळेपर्यंत थांबायचे. मग नव्या रेप्लिकेला फेलओव्हरचा, म्हणजे मास्टरची जागा घेण्याचा, आदेश द्यायचा. त्यात जुना मास्टर ग्राहकांच्या विनंत्या क्षणभर रोखून धरतो, रेप्लिका उरलेल्या नोंदी घेते आणि मगच भूमिका बदलतात. चाचणीत या पद्धतीने एकही नोंद गेली नाही. प्रतिकृतीचा बॅकलॉग (रेप्लिकेसाठी राखून ठेवलेल्या ताज्या बदलांचा साठा) मूळ 1 एमबीवरून 256 एमबी केला, कारण छोट्या बॅकलॉगमुळे थोडा वेळ तुटलेली रेप्लिकाही सगळा डेटा पुन्हा मागवते.

या मार्गावर एक जागा अशी आहे जिथून परतता येत नाही, आणि मला तिचीच सर्वाधिक काळजी होती. जुना मास्टर आणि नवी रेप्लिका हे जमते. परंतु नव्या मास्टरने पाठवलेली स्नॅपशॉट फाइल (सगळ्या डेटाची प्रत) जुन्या रेप्लिकेला वाचता येत नाही. म्हणून पहिल्या फेलओव्हरनंतर आम्ही मुद्दाम पूर्ण एक दिवस थांबलो. तो एक मास्टर नव्या आवृत्तीवर चालत असताना सर्व ॲप्लिकेशनचे लॉग तपासले आणि मगच उरलेले दोन बदलले.

हेझलकास्टच्या बाबतीत मी वरिष्ठांना स्पष्ट सांगितले, "सर, हे सेवा बंद ठेवूनच करू या." 3.12 आणि 5 या आवृत्त्यांचे सदस्य एका क्लस्टरमध्ये येऊच शकत नाहीत, आणि किरकोळ आवृत्त्यांमध्ये सेवा चालू ठेवून बदल करण्याची सोयही फक्त सशुल्क आवृत्तीत आहे. त्यातील सर्व माहिती डेटाबेसमधून भरता येत असल्याने दोन समांतर क्लस्टर उभे करण्याचा खटाटोप मला अनाठायी वाटला. सरांनी ते मान्य केले. हॉटेलांना दोन दिवस आधी कळवून आम्ही पहाटे तीन ते साडेतीन सेवा बंद ठेवली. रिकाम्या कॅशेमुळे सगळा भार एकदम डेटाबेसवर पडू नये, म्हणून सेवा उघडण्यापूर्वी सर्व दर स्क्रिप्टने भरून घेतले.

वीज आणि इंटरनेट यांचा पावसात भरवसा नव्हता. त्यामुळे सर्व आदेश मुंबईच्या क्लाउडमधील एका यंत्रावर टीमक्समध्ये (जोडणी तुटली तरी सत्र चालू ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये) चालवले, आणि सहकारी म्हापशाच्या घरून वेगळ्या जोडणीवर तेच सत्र पाहत बसली. दुसऱ्या फेलओव्हरच्या वेळी पर्वरीची वीज खरोखरच गेली, तेव्हा तिने फोनवरून मला एकेक ओळ वाचून दाखवत ते पूर्ण केले. चवथीला तीन दिवस उरले असताना शेवटचा जुना मास्टर नव्या आवृत्तीवर रेप्लिका म्हणून परत आला. राखीव खोल्यांच्या नोंदी डेटाबेसमध्येही लिहिण्याचे काम मी त्याच दुपारी सुरू केले.