किती दंड ते सांगा, चेक देतो

उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात मी वकिली करते. वडील कबड्डीचे पंच होते, रेशीमबागेच्या मैदानावर त्यांच्यासोबत मी लहानपणी तासन्‌तास बसलेली आहे. त्या ओळखीतूनच शहरातल्या एका खासगी कबड्डी लीगने मला शिस्तपालन समितीवर घेतलं. सोबत एक निवृत्त जिल्हा न्यायाधीश आणि एक जुने राष्ट्रीय खेळाडू. येणारी प्रकरणं साधी असायची: पंचांशी हुज्जत, वयाचा खोटा दाखला, मॅटवरची धक्काबुक्की. संघाच्या मालकाविरुद्ध तक्रार आली ती मागच्या हंगामात, पहिल्यांदाच.

जर्सी अनावरणाचा कार्यक्रम वर्धा रोडवरच्या एका हॉटेलात होता. प्रायोजक येणार, पुढारी येणार. दुपारी मालकांनी व्यवस्थापकाला व्हॉइस मेसेज पाठवला: "त्या जंगली पोट्ट्याले स्टेजवर आणू नका. काळाकुट्ट आहे, फोटोत कसा दिसन? खेळू द्या त्याले, पण समोर नको." व्यवस्थापकाने तो जसाच्या तसा कर्णधाराला पाठवला, आणि तिथून तो खेळाडूंच्या ग्रुपवर गेला. ज्याच्याबद्दल हे बोलणं होतं तो संघाचा मुख्य चढाईपटू, गडचिरोलीतल्या एटापल्ली तालुक्यातला माडिया आदिवासी मुलगा. कार्यक्रम सुरू असताना तो हॉटेलच्या मागे उभ्या असलेल्या बसमध्ये बसून होता. तक्रार त्याने केली नाही, कर्णधाराने केली. सगळ्या खेळाडूंच्या सह्या होत्या.

सुनावणीला मालक त्यांच्या वकिलांसोबत आले. वकिलांनी तयारी चांगली केली होती. मेसेज खासगी होता, तो परवानगीशिवाय पसरवला गेला, मुलाला एकाही सामन्यातून वगळलेलं नाही, उलट बूट, खुराक, दवाखाना सगळं मालकच बघतात. मग मालकांनी त्यांना थांबवलं आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "वाद कशाला वाढवता मॅडम? किती दंड ते सांगा, चेक आत्ताच देतो."

ते उद्धटपणे बोलले नाहीत. अगदी सहज बोलले, वीजबिल भरायला आल्यासारखे. त्या क्षणी मला कळलं की आमच्या नियमावलीत या माणसापर्यंत पोहोचणारं काही नाही. कमाल दंडाचा आकडा असा होता की त्यांनी त्याच्यापेक्षा जास्त पैसे त्या हॉटेलच्या जेवणावर घातले असतील.

आदल्या रात्री मी डोनाल्ड स्टर्लिंग यांचं प्रकरण पुन्हा वाचून काढलं होतं. अमेरिकेच्या एनबीए या बास्केटबॉल लीगमधल्या लॉस एंजेलिस क्लिपर्सचे ते मालक. एप्रिल २०१४ मध्ये त्यांचं मैत्रिणीशी झालेलं बोलणं बाहेर आलं. काळ्या लोकांसोबत फोटो टाकू नकोस, त्यांना माझ्या सामन्यांना आणू नकोस, असं ते तिला सांगत होते. त्यांच्या संघातले बहुतेक खेळाडू काळे होते. पुढच्या सामन्याआधी खेळाडूंनी सरावाचे शर्ट उलटे घातले, क्लिपर्सचं नाव आत गेलं. प्रायोजक एकेक करून मागे सरले. रेकॉर्डिंग बाहेर आल्यावर चारच दिवसांत लीगचे आयुक्त अॅडम सिल्व्हर यांनी त्यांच्यावर आजन्म बंदी घातली आणि २५ लाख डॉलर दंड केला. लीगच्या घटनेत त्याहून मोठा दंड नव्हताच. शेवटी संघ विकला गेला, स्टीव्ह बाल्मर यांनी तो २०० कोटी डॉलरला घेतला. स्टर्लिंग यांनी तो १९८१ मध्ये सुमारे सव्वा कोटी डॉलरला घेतला होता.

हे आकडे मी आमच्या न्यायाधीशसाहेबांना दाखवले तेव्हा ते बराच वेळ कागद धरून बसले. "म्हणजे शिक्षा झाली, आणि माणूस गबर झाला," ते म्हणाले. मला दुसरीच गोष्ट जास्त सलत होती. घरं भाड्याने देताना काळ्या आणि लॅटिनो लोकांशी भेदभाव केल्याचा दावा अमेरिकी न्याय खात्याने याच स्टर्लिंग यांच्यावर केला होता आणि २००९ मध्ये तो २७ लाख २५ हजार डॉलरला मिटला होता. तेव्हा लीगने बोट उचललं नाही. भाडेकरूंच्या तक्रारीने जे हललं नाही, ते प्रायोजक निघू लागताच हललं. आणि त्याच लीगने २०२२ मध्ये फिनिक्स सन्सचे मालक रॉबर्ट सार्व्हर यांना वंशवाचक शब्द वापरल्याबद्दल आणि महिला कर्मचाऱ्यांशी वाईट वागल्याबद्दल एक वर्षाची बंदी आणि एक कोटी डॉलर दंड, एवढ्यावर सोडलं. खेळाडू आणि प्रायोजक चिडले, तेव्हा त्यांनी स्वतःच संघ विकायला काढला. एकाला आजन्म, दुसऱ्याला वर्षभर. कुठल्या वागण्याला कुठली शिक्षा हे आधी लिहिलेलं नसलं की निर्णय गोंगाटाच्या आवाजावर ठरतो. आमच्या प्रकरणात गोंगाट नव्हता. एटापल्लीच्या पोराबद्दलचा मेसेज कुठल्या वाहिनीवर वाजणार होता?

खासगीपणाच्या मुद्द्यावर मी वकिलांना एकच प्रश्न विचारला. मालकांनी व्यवस्थापकाला मत सांगितलं की काम सांगितलं? ते गप्प राहिले. माणूस घरात बसून मनातलं काय बोलतो यावर लीगने पहारा ठेवू नये, हे मला मान्य आहे. पण स्टेजवर कोण उभं राहील हे मालक सांगतो तेव्हा तो आदेश असतो, आणि तो पाळलाही गेला होता. स्टर्लिंग यांचं बोलणंसुद्धा सामन्याला कोणी यावं याबद्दलच होतं.

फौजदारी बाजू आम्ही वेगळी ठेवली. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात अपमान लोकांच्या नजरेसमोर झालेला असावा लागतो. ग्रुपवर गेलेल्या मेसेजला ते लागू होतं का, हे कोर्ट बघेल. मुलाचा पोलिसांकडे जायचा हक्क शाबूत आहे आणि आमच्या निर्णयाने तो मिटत नाही, हे आम्ही त्याला लेखी दिलं. हे लिहून देणं गरजेचं होतं, कारण बाहेर व्हरांड्यात "इथंच मिटवून टाक" म्हणणारे दोन-तीन जण त्याच्याभोवती उभेच होते.

मग त्याला आत बोलावलं. मालकांच्या वकिलांनी तोडगा मांडला: शाल-श्रीफळ देऊन मैदानावर सत्कार, गळाभेट, फोटो. मुलगा मान खाली घालून ऐकत होता. मग म्हणाला, "शाल नको सर. गावात इचारलं कायची शाल, तर काय सांगू?" आणि थोडं थांबून माझ्याकडे बघून, "मॅडम, यायले शिक्षा झाली तर आमच्या मॅची बंद होतीन का?"

त्या दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तोच होता. आयपीएलमध्ये बेटिंगच्या प्रकरणात २०१५ मध्ये न्यायमूर्ती लोढा समितीने चेन्नई संघाचे पदाधिकारी गुरुनाथ मय्यप्पन आणि राजस्थानचे सहमालक राज कुंद्रा यांच्यावर आजन्म बंदी घातली, आणि चेन्नई व राजस्थान या दोन्ही संघांच्या कंपन्यांना दोन वर्षं निलंबित केलं. ते खेळाडू मोठे होते, दुसऱ्या संघांनी त्यांना उचललं. आमच्या पोरांना कोण उचलणार? अर्धे शेतमजुरांच्या घरचे, एका हंगामाच्या मानधनावर बहिणीचं लग्न ठरलेलं. अपमानही त्यांचाच झाला आणि उपासही त्यांनीच काढायचा, अशी शिक्षा मी सही करून दिली नसती.

म्हणून आम्ही संघाला हात लावला नाही, मालकाला बाजूला केलं. तो आणि पुढचा असे दोन हंगाम मैदान, लिलाव, ड्रेसिंग रूम आणि संघाचा कुठलाही निर्णय त्यांना बंद. संघ लीगने नेमलेल्या तिघांकडे, त्यात कर्णधार एक. मानधन मालकांच्या अनामत रकमेतून. कमाल दंडही लावला. चढाईपटूला कुठलीही भरपाई न देता संघ सोडायची मुभा दिली, पण तो राहिला. करारात "खेळाच्या प्रतिष्ठेला बाधा" एवढंच कलम होतं. त्याच्यावर एवढं सगळं उभं करताना न्यायाधीशसाहेबांनी निकालाचा मसुदा पुन्हा पुन्हा घासून घेतला, आणि तो टिकला.

नवीन हंगामासाठी करार मीच लिहिला. वंश, जात, रंग, प्रांत यांवरून बोलणं आणि त्यावरून आदेश देणं यांच्या पायऱ्या वेगळ्या केल्या, प्रत्येकीपुढे शिक्षा लिहिली. तक्रार करणाऱ्याला वगळायचं असेल तर समितीची परवानगी लागेल, असंही घातलं. मालकांची बैठक अडली ती शेवटच्या कलमावर: संघ सक्तीने विकावा लागला तर मालकाला घातलेले पैसे परत मिळतील, वरचा नफा खेळाडूंच्या निधीत जाईल. एकाने सही न करता अनामत परत मागितली, ती आम्ही दिली. बाकीच्यांच्या वकिलांचं म्हणणं, करार कायद्याच्या कलम ७४ नुसार वाजवी भरपाईपेक्षा जास्त काही वसूल करता येत नाही, कोर्टात हे टिकणार नाही. त्यांचा मुद्दा हलका नाही. मी म्हटलं, टिकतं की नाही ते खंडपीठासमोर बघू, वकीलपत्र माझं आणि फी नाही. कलम करारात राहिलं. बाकीच्या सगळ्यांनी त्याच दिवशी सह्या केल्या.