काय सोडायचं ते सगळ्यांनी सांगितलं

प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत उतरलाय हे कळलं आणि आमच्या फैजपूरच्या घरी माणसांची रीघ लागली. येणारा प्रत्येक जण माझ्या ताटातला एकेक पदार्थ काढून घेऊन गेला. दूध बंद, साखर बंद, गहू बंद, वांगं तर वातूळच. आणि निघताना दारात हमखास, "सर, आता फक्त आराम करा." मी शाळेतून निवृत्त झालोय, घरची थोडी केळीची बाग आहे. सांगणारे सगळे मायेचे, त्यामुळे मान डोलवायची.

उपचार सुरू झाल्यावर मात्र आराम हाच माझा शत्रू आहे हे हळूहळू लक्षात आलं. हा कॅन्सर टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनवर पोसतो, म्हणून दर तीन महिन्यांच्या इंजेक्शनने ते शरीरातून जवळपास संपवतात. पीएसए, म्हणजे या कॅन्सरचा अंदाज देणारा रक्तातला आकडा, झपाट्याने उतरला. पण पुरुषाचे स्नायू आणि हाडं धरून ठेवण्यातही त्याच टेस्टोस्टेरॉनचा हात असतो. काही महिन्यांत पोट पुढे आलं, मांड्या मात्र काटकुळ्या झाल्या. वजनकाट्यावर यातलं काही दिसत नाही, उलट आकडा वाढतो आणि घरचे खूश होतात. मला ते कळलं एका लग्नात. पंगतीतून उठताना पुतण्याला हात द्यावा लागला.

जळगावच्या डॉक्टरांनी फिजिओथेरपिस्टकडे धाडलं. मुलगी माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची. पहिल्या भेटीत तिने व्यायाम शिकवलाच नाही. "काका, आधी बोन स्कॅन दाखवा. कॅन्सरचे डाग कुठे आहेत ते बघू." माझे डाग ओटीपोटाच्या हाडात आणि कंबरेच्या मणक्यांत. त्यावरून तिने ठरवलं: पुढे वाकून ओझं उचलायचं नाही, कंबरेतून पिळायचं नाही, उड्या नाहीत. म्हणजे आयुष्यभर पोरांकडून घालून घेतलेले सूर्यनमस्कार गेले, बागेत घड उचलणं गेलं, आणि शेतरस्त्याच्या खड्ड्यांतून मोटारसायकलही गेली. पोहणारे, योगासनं करणारे ओळखीचे लोक आपापला कार्यक्रम सांगत होते. पण दुसऱ्याच्या हाडांचा व्यायाम आपल्या हाडांना लावता येत नाही.

उरलं ते साधंच, पण घाम काढणारं. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं. भिंतीला हात लावून दंड. टाचा उचलणं. रबरी पट्टा ताणणं. हे आठवड्यातून दोन-तीनदा, मध्ये एक दिवस सोडून, आणि जमेल तसा भार वाढवत. बाकी चालणं, आठवड्याचं मिळून १५० मिनिटांच्या आसपास, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो आणि वर या इंजेक्शनने अंगातून गरम लाटा उठतात, तेव्हा चालायचं तर उजाडायच्या आत.

तेच सोयीचंही पडलं. माझी अ‍ॅबिराटेरॉनची गोळी (टेस्टोस्टेरॉन तयार होणं रोखणारी) रिकाम्या पोटी घ्यायची असते: आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचं नाही, कारण अन्नाबरोबर ती अंगात कितीतरी पट जास्त शोषली जाते. पहाटे गोळी, मग चालणं, मग न्याहारी, तिच्यानंतर प्रेडनिसोलोन ही सोबतची स्टेरॉइडची गोळी. कुणी वाटेत "या सर, चहा-खारी घ्या" म्हटलं तर हात जोडतो.

अ‍ॅबिराटेरॉनने रक्तदाब चढतो, अंगात पाणी साठतं, पोटॅशियम उतरतं. त्यामुळे सोडायचं ते खरं तर मीठ होतं, आणि ते कुणीच सांगितलं नव्हतं! लोणचं, पापड, शेव. शेवभाजी सोडताना जड गेलं, खोटं कशाला बोलू. पोटॅशियमची तपासणी वरचेवर होते. केळी खाऊ का, असं केळीच्या गावात विचारणारा पेशंट बघून डॉक्टर हसले. म्हणाले, खा, पण तपासणी चुकवू नका.

ताटात वाढवायचं होतं ते प्रोटीन, किलोमागे एक ग्रॅमच्या वर. घरी अंडं चालत नाही. सौ. म्हणाली, "अहो, कळण्याची भाकरी आहे की." ज्वारीत उडीद दळलेला. तिच्याबरोबर घट्ट वरण किंवा मटकी, वर दही. दूध डॉक्टरांनी बंद केलं नाही. दिवसाचं कॅल्शियम आहार आणि गोळी मिळून हजार-बाराशे मिलिग्रॅम पुरे, ढीगभर नको, असं सांगितलं. सोबत ड जीवनसत्त्व. हाडं बळकट ठेवायचं इंजेक्शन देण्याआधी दातांच्या डॉक्टरांकडे पाठवलं, कारण नंतर दात काढला तर जबडा भरून यायला त्रास होऊ शकतो.

पुड्या, काढे, 'ताकदीच्या' कॅप्सूल मात्र सगळ्या परत केल्या. यकृताची तपासणी आधीच चालू असताना त्यात अजून काय घालायचं? 'नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी' हेही खरं नाही. अमेरिकेत पस्तीस हजारांवर निरोगी पुरुषांवर सिलेक्ट नावाची चाचणी झाली. ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्यांत प्रोस्टेट कॅन्सर १७ टक्के जास्त निघाला, हे २०११ मध्ये जाहीर झालं.

व्यायामाने माझा पीएसए उतरलेला नाही, ते काम औषधांचं. थकवा कमी झाला, पंगतीतून माझा मी उठतो.

आता तालुक्यातून फोन येतात, "सर, तुमचा व्यायाम सांगा." मी आधी स्कॅनचं विचारतो. पाठीत नवीन किंवा रात्री वाढणारं दुखणं, पायांत बधिरपणा, पाय लुळे पडणं, लघवी-संडासवरचा ताबा जाणं, यातलं काही असेल तर व्यायाम बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा म्हणतो. मज्जारज्जू दाबला जात असेल तर तासांचा हिशेब असतो. तसं काही नसेल, तर मग खुर्चीपासून सुरू करतो, फोनवरच.