आम्ही दिवसभर कुजवत असतो

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रश्न तसा नेहमीचाच. शेतावर आलेला पाहुणा एक चक्कर मारतो, सगळीकडचं हिरवंगार पाहतो आणि म्हणतो, "वर्षभर ऊन, धो धो पाऊस, कडाक्याची थंडी नाही. इथं बी थुंकलं तरी उगवतं. त्यात तुमची शेती सेंद्रिय, म्हणजे फवारण्यांचाही व्याप नाही. मग तुम्ही दिवसभर करता तरी काय?"

कुजवतो. खरं उत्तर एवढंच आहे.

उगवण्याबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. विषुववृत्ताच्या जवळपास दिवस बारा महिने साधारण १२ तासांचा असतो आणि गारठ्यानं झाडाची वाढ कधी थांबत नाही. पण ज्या उबेनं झाड वाढतं, त्याच उबेनं पाचोळाही संपतो. तापमान १० अंशांनी वाढलं की कुजण्याचा वेग ढोबळमानानं दुप्पट होतो. थंड प्रदेशातल्या पाइनच्या जंगलात खाली पडलेल्या पानांचे थर वर्षानुवर्षं साचून राहतात. उष्ण प्रदेशातल्या दाट, ओल्या जंगलात पडलेलं पान बहुतेक वेळा वर्षाच्या आत दिसेनासं होतं, आणि त्यातून सुटलेलं अन्न मुळं वरच्या वर उचलून घेतात. म्हणजे या जंगलाची श्रीमंती उभ्या झाडांत असते. मातीच्या खात्यावर शिल्लक फारशी नसते.

ज्वालामुखीच्या राखेची किंवा नदीच्या गाळाची जमीन ज्यांना मिळाली ते भाग्यवान. आमची लाल आहे. अशा मातीतून लाखो वर्षांच्या पावसानं चुना, पालाश (पोटॅशियम), मॅग्नेशियम धुऊन नेलेलं असतं आणि मागे लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडं उरलेली असतात. ही माती नत्र (नायट्रोजन) आणि पालाश धरून ठेवत नाही आणि स्फुरद (फॉस्फरस) मात्र इतका घट्ट धरते की तो मुळांना सुटत नाही. म्हणूनच जंगल तोडून केलेल्या शेतात पहिली दोन-तीन पिकं जोरात येतात आणि मग जमिनीचा कस जातो. अशा मातीत अन्न धरून ठेवायचं काम बहुतांशी सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून मातीत उरणारा कार्बन, करतो, आणि नेमका तोच इथं टिकत नाही. ॲमेझॉनच्या खोऱ्यात काही ठिकाणी काळीभोर, सुपीक माती सापडते. हजार-दोन हजार वर्षांपूर्वी तिथं वस्ती करून राहिलेल्या लोकांनी कोळसा, हाडं, खरकटं, फुटकी मडकी टाकून टाकून ती तयार झाली. कोळसा सहजी कुजत नाही, म्हणून ती अजून काळी आहे. बाकी आपण जमिनीत जे जे घालतो ते पुन्हा पुन्हा घालावं लागतं.

त्यात पाऊस. एका एकरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे सुमारे ४ लाख लीटर पाणी पडलं, आणि जोराच्या सरींच्या दिवसांत एवढा पाऊस एका दिवसात पडणं ही काही बातमी नव्हे. उघड्या जमिनीवर हे थेंब आपटले की मातीचे कण सुटतात, वरची भोकं बुजतात, पाणी मुरायचं थांबतं आणि वाहायला लागतं. म्हणून जमीन झाकलेली हवी. आमच्याकडे पहिला नियम हाच: माती दिसली की काहीतरी टाका. छाटलेल्या फांद्या, उपटलेलं तण, केळीचा खांब, नारळाची सोडणं, झावळ्या. गिरीपुष्प बांधांवर मुद्दाम लावलं आहे. मूळचं मध्य अमेरिकेतलं हे झाड हवेतला नत्र पकडतं आणि छाटावं तितकं जोमानं फुटतं. पण त्याचा पाला काही आठवड्यांत विरघळून जातो. नुसता तोच टाकला तर महिनाभरात जमीन पुन्हा उघडी. म्हणून लवकर कुजणारं खाली आणि उशिरा कुजणारं वर, असे थर द्यायचे. हिरवं भूक भागवतं, सोडणं आणि काटक्या वेळ काढतात. हा हिशेब पुस्तकातून कमी आणि हातानं चाचपूनच जास्त कळतो.

तुम्हाला आमची बाग अस्वच्छ वाटते, हे मला ठाऊक आहे. झाडून लख्ख केलेल्या बागेचे फोटो छान येतात. पण मला तसली बाग पाहिली की धडकी भरते.

आणि हा पसारा नुसता खतासाठी नाही. कोकोचं घ्या. त्याची फुलं थेट खोडावर येतात, नखाएवढी, आणि पराग पोचला नाही तर एक-दोन दिवसांत गळून पडतात. मधमाशी त्यांच्याकडे फारसं लक्ष देत नाही. परागीभवन करतात त्या एक ते तीन मिलिमीटरच्या बारीक चिलटांसारख्या माश्या, आणि त्यांच्या अळ्या वाढतात त्या ओलसर, कुजक्या पाचोळ्यात, कोकोच्या टरफलांत, केळीच्या सडत्या खांबांत. झाडाला हजारो फुलं आली तरी शंभरातल्या पाचांचंही फळ होणं कठीण. जगभर लोक चॉकलेट खातात ते या सडक्या ढिगाऱ्याच्या जिवावर. म्हणून घड उतरवला की केळीच्या खांबाचे तुकडे करून आम्ही ते कोकोखाली पसरतो. तुम्हाला ज्याचा वास आला होता, ते हेच. मात्र काळ्या पडलेल्या, रोगट फळांची टरफलं तिथं ठेवायची नाहीत. त्यातली बुरशी पावसाच्या थेंबांबरोबर वर उडते. ती टरफलं वेचून खताच्या तापणाऱ्या ढिगात जातात. कुजवणं आणि सडू देणं यांतला फरक या वेचण्यात आहे, आणि दिवसाचा बराच वेळ त्यातच जातो.

खताचा ढीग ही वेगळी कला. अल्बर्ट हॉवर्ड या ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला काम करताना शेतातला काडीकचरा, शेण, माती आणि राख यांचे थर रचून, ढीग ठरावीक काळानं उलटून तीन महिन्यांत खत करायची पद्धत बसवली. तिचं मूळ शेतकऱ्यांच्याच जुन्या रीतींत होतं, हे विसरू नये. नीट रचलेला ढीग ६० अंशांच्या आसपास तापतो. आत हात घालवत नाही. तण आणि बरेचसे रोग त्यातच मरतात. पण ढीग निवून तसाच पडून राहिला की गेंड्या भुंग्याची मादी त्यात अंडी घालते. अळ्या कुजकं खाऊन अंगठ्याएवढ्या होतात, त्यांना पुढे पंख फुटतात आणि ते भुंगे नारळाच्या न उघडलेल्या कोंबात शिरतात. पान उलगडतं तेव्हा त्यात त्रिकोणी काप पडलेले दिसतात. तेव्हा ढीग उलटणं चुकवायचं नाही. उलटताना कोंबड्या सोडल्या की अळ्या त्या टिपतात. याच अळ्यांना मारणारा एक विषाणू आलोइस ह्यूगर या जर्मन शास्त्रज्ञांना १९६३ मध्ये मलेशियात सापडला आणि नंतर पॅसिफिक बेटांवर तो मुद्दाम सोडला गेला. तिथल्या नारळांना त्याचा चांगला उपयोग झाला. फवारणी नाही म्हणजे किडींवर इलाज नाही, असं समजणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते.

मुंग्यांबद्दलही तुम्ही विचारलं होतं, हाताला झोंबल्यावर. त्या पानं शिवून घरटं करणाऱ्या तांबड्या मुंग्या. कामकरी मुंग्या रांग धरून दोन पानांच्या कडा एकमेकींजवळ ओढतात आणि दुसऱ्या काही जणी आपल्याच घरट्यातली अळी जबड्यात धरून तिच्या रेशमानं त्या कडा चिकटवतात. त्यांना रेशीम काढता येत नाही, अळ्यांना येतं. चीनमध्ये इसवी सनाच्या चौथ्या शतकापासून संत्र्याच्या झाडांवर सोडायला यांची घरटी बाजारात विकली जात असल्याची नोंद आहे. फळं पोखरणारे भुंगे, सुरवंट, ढेकूण यांना त्या झाडावर टिकू देत नाहीत. ऑस्ट्रेलियात, आफ्रिकेत काजू आणि आंब्यावर त्यांचा असाच उपयोग करून पाहिला गेला आहे. पण त्या आपल्या नोकर नव्हेत. पिठ्या ढेकूण ही झाडाचा रस शोषणारी कीड जो गोड रस सोडते, त्यासाठी त्या तिची राखणही करतात, आणि फळं उतरवायच्या दिवशी त्या आपल्याला सुरवंटापेक्षा वेगळं समजत नाहीत. आम्ही त्यांना आंबा-काजूवर राहू देतो, रोज हात लागणाऱ्या झाडांवरून हटवतो. ज्यांना सगळा निसर्ग आपला मित्र वाटतो त्यांनी एकदा त्या झाडावर चढून पाहावं.

फळमाशीवर मात्र गोड बोलून भागत नाही. हिवाळा नसल्यानं तिच्या पिढ्यांमागून पिढ्या होत राहतात. अंड्यापासून माशी व्हायला उबेत तीन-चार आठवडे पुरतात. फळांना पिशव्या बांधायच्या, गळलेलं फळ त्याच दिवशी उचलून पाण्यात बुडवायचं किंवा खोल पुरायचं. कोकोच्या रोगट टरफलांसारखीच हीही गोष्ट झाडाखाली कुजू द्यायची नाही. कंटाळवाणं काम आहे, त्याबद्दल अधिक सांगण्यासारखं काही नाही. तरी थोडी फळं जातातच.

आता तुम्ही मागितलेलं बियाणं. भाज्यांचं देईन. बियाण्यातला ओलावा एका टक्क्यानं घटला की त्याचं आयुष्य दुप्पट होतं, असा ढोबळ नियम आहे. पण दमट हवेत वाळवलेलं बी पुन्हा ओलावा ओढतं, म्हणून बरणी हवाबंद हवी, तळाशी भाजून कोरडे केलेले तांदूळ घाला आणि दर पावसाळ्यानंतर ते बदला. फणस, कोको, आंबा यांचं तसं नाही. यांचं बी वाळवलं की मरतं. फळातून काढल्यावर ते काही दिवसांत मातीत जायला हवं, म्हणून पाकिटात घालून पाठवायचं मी कबूल करणार नाही. फणस पिकतील तेव्हा या, आणि खड्डे आधी खणून ठेवून या.